टिंबाटिंबांची वाट

मार्चमधल्या एका रविवारी, उजाडता उजाडता, मी वैजनाथच्या डोंगराच्या पायथ्यानं धावत होते. करवंदीला फुलं आली होती आणि त्यांचा वास वाटेवर साचून राहिला होता. ओढ्याच्या उतरणीपाशी आले आणि पुढं तार. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, खांबांच्या बुडाशी माती अजून ओली. तारेपलीकडं वाट तशीच पुढं गेलेली दिसत होती, खुरांनी भुसभुशीत झालेली. अलीकडं मी, आणि माझ्या मागून सात-आठ म्हशी घेऊन आलेले एक गवळीमामा.

"वाट बंद केल्यात बगा, ताई," ते म्हणाले. "आता डांबरीवरनं वळसा घालून पाण्यावर न्यायला लागत्यात म्हशी."

"कधी घातली तार?"

"आठ-धा दिस झालं. कुणी इचारलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई."

मी वळसा घालून परत आले. माझी फेरी अर्धवट राहिली, त्याची हळहळ दोन दिवसांत ओसरली असती. मामांची फेरी मात्र रोजची आहे. म्हणून हे लिहायला बसले.

बेळगावच्या खडेबाजारात आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. अथणीहून येणाऱ्या कोल्हापुरी चपला ही दुकानाची जुनी ओळख. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे एकत्र धरले गेले, त्यांत बेळगाव आहे. सीमेच्या दोन्ही अंगांना चामडं तसंच कमावतात, वेणी तशीच घालतात, हे सरकारी कागदावर आलं याचा वडिलांना फार आनंद झाला होता. माझं आयुष्य लोकांच्या पावलांकडं बघण्यात गेलं आहे. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याची टाच बघायची, ती कुठल्या बाजूनं झिजली आहे त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं.

धावायला लागले एकेचाळिसाव्या वर्षी, तेही सपाटीवर, किल्ल्याच्या बाजूनं कॅम्पात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळं पहाटे रस्त्यावर धावणारी माणसं या गावाला नवी नाहीत. रंगरुटांची तुकडी शेजारून गेली की आपलेही पाय आपोआप लय धरतात. पण डांबरावर धावून वर्षाभरात गुडघे बोलू लागले आणि मी डोंगराकडं वळले.

डोंगर जुन्या ओळखीचा होता. लहानपणी श्रावणी सोमवारी आई आम्हाला वैजनाथाला न्यायची. शिनोळीपर्यंत गाडी, पुढं चालत देवरवाडी, मग चढ. वर वैजनाथ आणि आरोग्यभवानीचं दर्शन झालं की आई आल्या वाटेनं उतरायची नाही. देवाच्या डोंगराला वळसा घालूनच घरी जायचं, हा तिचा शिरस्ता. आम्ही पोरं कुरकुरायचो, ती पुढं चालत राहायची. आज मी धावते ती फेरी म्हणजे आईचीच वाट, थोडी लांबवलेली. देवरवाडीतून चढून वैजनाथ, तिथून माळानं महिपाळगड, गडावरच्या वस्तीतून बाहेर पडून खाली उतार, आणि पायथ्या-पायथ्यानं परत. माझ्या घड्याळात ती तेरा-चौदा किलोमीटर भरते. डोंगराच्या एका अंगाला चंदगड तालुका, दुसऱ्या अंगाला बेळगावची गावं. सीमाप्रश्न पेटला की दोन्हीकडच्या बसगाड्या निपाणी-कागलपाशी अडकून पडतात. इथं मात्र शेतावरच्या पाट्यांची लिपी बदलते, तेवढंच. वाट एकच राहते.

या वाटेची खरी परीक्षा वरच्या माळावर आहे. बेळगावच्या पश्चिमेला पाऊस भरपूर, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की इथले डोंगर बारा महिने हिरवे असतील. पण माळ जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र, वरची माती बोटभर, पाणी गाळणीतून जावं तसं खाली निघून जातं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, आणि फेब्रुवारी ते वळिवाचा पाऊस येईपर्यंत हा माळ म्हणजे वाळवंटच. सावलीला झाड नाही. दगडात लोखंड असल्यानं सगळं गंजाच्या रंगाचं, आणि नऊ वाजल्यापासून खालून भट्टी पेटल्यासारखी धग. दगडाच्या भोकांच्या कडा करवतीसारख्या. तिथं लांब ढांगा टाकून चालत नाही. पाऊल आखूड, चवड्यावर, नजर तीन पावलं पुढं. उतारावर मुरूम पसरलेला असतो, फरशीवर शाळू सांडावा तसा. त्यावर टाच रोवायला गेलात तर घसरलातच. गुडघे किंचित वाकवून, हात पसरून, पाय जातील तसं त्यांना जाऊ द्यावं लागतं. पहिल्या वर्षी तीन वेळा पडले. तळहातावर जांभ्याचा एक कण अजून कातडीखाली आहे.

बुटांचं सांगायचं तर रस्त्यावरचे मऊ तळाचे बूट इथं एक उन्हाळाही काढत नाहीत. फोमच्या खाचेत खडा बसतो आणि रुततच जातो. कडेची जाळी दगडावर घासून फाटते. तापल्या कातळानं डिंक मऊ होऊन पुढचा तळ जिभेसारखा लोंबायला लागतो. माझे स्वतःचे असे दोन जोड दुकानात आहेत, डोंगरावर धावायला बूट मागणाऱ्या पोरांना मी ते आधी दाखवते. गवळीमामांच्या पायात टायरचं पायताण आहे. तळ ट्रकच्या टायरचा, वर आडवे पट्टे, खिळ्यांची टोकं आतून वाकवून ठोकून बसवलेली. तीन पावसाळे झाले म्हणाले. उलटं करून पाहिलं तर नक्षी अजून जाग्यावर होती.

पाय आणि दगड यांचं नातं या भागात जुनं आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरं केलं आणि १९ वे आले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि तिथून ऑलिंपिकला संघ पाठवायची गोष्ट निघाली. त्या काळातल्या खेड्यातल्या पोरांना पळायला ना सिंथेटिक ट्रॅक होता ना पैसे भरून शिकवणारा कोच. बांध होते, गाडीवाटा होत्या, डोंगराच्या पायवाटा होत्या, आणि त्यांवर फी नव्हती. बेळगावच्या शाळांमधून चौगुल्यांचं नाव आजच्या मुलांना माहीत असायला हवं होतं. मी दुकानात विचारून बघते, दहांतल्या एखाद्याला माहीत असतं.

आता डोंगर म्हटला की पहिली मागणी होते ती वरपर्यंत रस्त्याची. यळ्ळूरच्या राजहंसगडावर गाडी थेट पोचते, आणि २०२३ मध्ये शिवरायांचा भव्य पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी तिथं जत्रा असते. लोक गडावर जातात याचा मला आनंद आहे. वैजनाथालाही गाडीरस्ता आहे, आणि माझी आई शेवटची वर गेली ती त्याच रस्त्यानं. ज्यांचे गुडघे गेले त्यांना देव आणि गड दोन्ही भेटलेच पाहिजेत. पण एका डोंगराला एक रस्ता पुरतो. उरलेल्या वाटांवर सिमेंट ओतायची गरज नसते. सिमेंटच्या पायऱ्यांवरून पावसाचं पाणी धबधब्यासारखं उतरतं, कडेची माती खरवडून नेतं, आणि चार वर्षांत पायऱ्या अधांतरी लोंबायला लागतात. मग पुन्हा टेंडर. जुन्या माणसांनी वाट बांधली ती नागमोडी, दर दहा-पंधरा पावलांवर आडवा दगड बसवून पाणी बाजूला काढून देत. वैजनाथच्या जुन्या चढणीवर असे दगड अजून आहेत. त्यांच्यावर पाय देताना ते कुणी बसवले असतील याचा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भाच्याकडं मस्कतला गेले होते. बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे, तसाच हा. तो म्हणाला, "मावशी, तुला आमचा डोंगर दाखवतो." रियाम बागेपासून मत्रहपर्यंत एक वाट आहे, अडीचेक किलोमीटरची. रस्ता होण्याआधी मस्कत आणि मत्रहची माणसं डोंगरावरून याच वाटेनं ये-जा करायची. सुरुवातीला दगडी पायऱ्या, मग उघडाबोडका काळपट तपकिरी डोंगर, झाडाचं पान नाही. आमच्या जांभ्याला निदान पावसाळ्यात गवत येतं. तिथला दगड उन्हात तडकलेला, धारदार, हातात घेतला तर लोखंडासारखा जड. खाली निळा समुद्र आणि मध्ये ही करडी भिंत. वाटेत एका सोडून दिलेल्या वस्तीच्या पडक्या भिंती लागतात. आम्ही धावत मत्रहला उतरलो आणि समुद्रकाठच्या रस्त्यानं परत रियामला आलो, फेरी पुरी.

मला तिथलं सगळ्यांत काय आवडलं? दगडावरचे पट्टे. पिवळा, पांढरा, लाल, असे तीन छोटे पट्टे दर थोड्या अंतरावर रंगवलेले. वाट हरवायची भीती नाही, आणि वाट आहे हे नाकारायची सोयही कुणाला नाही. ओमानच्या डोंगरांत अशा कितीतरी जुन्या वाटांना सरकारनं नंबर दिले, पट्टे मारले आणि नकाशे काढले. गाढवं हाकणाऱ्यांची वाट आज जगभरच्या माणसांची झाली. २०१८ मध्ये तिथल्या डोंगरांत मोठी अल्ट्रा शर्यतही झाली. या वाटांचा सगळा खर्च रंगाच्या डब्याचा आणि थोड्या आस्थेचा. सुट्टी संपवून परतताना विमानात मी तोच विचार करत होते: वैजनाथच्या वाटेवर असा एक पट्टा असता तर?

पट्टा नाही, पण त्याच्याजवळ जाणारं काहीतरी आपल्याकडं कागदावर आहे. तार पाहून आल्यावर चंदगडकडच्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, गावनकाशा काढा. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. महाराष्ट्रातल्या गावनकाशावर गाडीवाट तुटक रेषेनं दाखवतात, आणि पायवाट, म्हणजे सरकारी भाषेत पायमार्ग, टिंबाटिंबांच्या रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट! दोन भरल्या म्हशी शेजारून जातील एवढी. नकाशा टेबलावर पसरला आणि ओढ्याची वळणदार रेघ शोधली. तिच्या शेजारून बारीक टिंबं गेलेली होती. तार नेमकी त्यांच्यावर.

वकिलांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून लागू आहे. शेताकडं किंवा चराऊ रानाकडं जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. पण अर्ज अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

सहा महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण विचार करा, आज पायथ्याच्या वाटेनं रोज जातो कोण? गावात घरोघर मोटारसायकल आली. शाळेची पोरं बसनं जातात. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका गॅस आल्यापासून कमी झाल्या, हे चांगलंच झालं. उरले गवळी आणि धनगर, आणि त्यांची नवी पिढी एमआयडीसीत. वाटेवर पाऊल पडलं नाही की पहिल्या पावसाळ्यात गवत चढतं, दुसऱ्यात करवंदी सरकते, तिसऱ्यात इथं वाट होती हे सांगणारा माणूस उरत नाही. सहा महिने कुणाला न कळता उलटून जातात. आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलं आहे. एखाद्या वाटेच्या हक्काला आपण 'वहिवाट' म्हणतो, आणि ती वापरानंच टिकते. १८८२ चा सुविधाधिकार कायदाही वीस वर्षांच्या उघड, अखंड वापराला किंमत देतो.

आणि इथंच मला डोंगरात धावणाऱ्यांचं काम दिसतं. जो दर रविवारी फेरी मारतो त्याला तार आठ दिवसांत दिसते. गवळीमामांचा हक्क आहे, पण कचेरीत जायला त्यांना दिवस मोडावा लागतो, म्हशी कुणाच्या तरी हवाली कराव्या लागतात. धावणाऱ्याकडं वेळ असतो, फोन असतो, नकाशा वाचायची सवय असते. आपण ज्यांच्या वाटेवर फुकट धावतो, त्यांच्यासाठी एवढं करणं ही मेहरबानी नव्हे, ते देणं आहे.

इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या माळावर जमीनदारांची बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगात टाकलं गेलं. पण १९४९ साली कायदा झाला आणि परगण्या-परगण्यांत पायवाटांच्या नोंदी करायला सुरुवात झाली. गिरणीतली माणसं होती ती. आठवडाभर यंत्रापुढं उभं राहायचं आणि रविवारी डोंगर हवा. बेळगावच्या फौंड्रीतल्या, उद्यमबागेतल्या कामगाराला तो हवासा का वाटणार नाही?

तार घालणाऱ्यावर मी रागावलेली नाही. त्या माणसाचं नावही घेणार नाही. चंदगडकडं गवे येतात, रानडुकरं येतात, एका रात्रीत काजूची रोपं आणि उसाची कोवळी लागवड भुईसपाट होते. कुंपण घालायलाच हवं. फक्त वाटेवर आडव्या वाशांची एक कवाडी ठेवावी. उघडायची, जायचं, लावून घ्यायची. आमच्या लहानपणी प्रत्येक कुंपणाला ती असायची. पोरांना पहिली शिकवण हीच, मागून येईल त्यानं कवाडी लावायची.

शर्यती भरवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, तिच्यामुळं आपल्या भागात चढावर धावायची हौस वाढली, हे मी दुकानाच्या गल्ल्यावरून सांगू शकते. आता जिकडंतिकडं डोंगरी शर्यती निघत आहेत. निघू द्यात. पण प्रवेशफीतून टी-शर्ट आणि पदकाआधी वाटेचा हिस्सा काढा. दोन आडवे दगड बसवा, एक कवाडी करून द्या, गवळीवाड्याला आधी जाऊन सांगा की अमुक दिवशी तीनशे माणसं येणार आहेत, म्हशी बुजतील. आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं माळावर टाकून जाणाऱ्याला पुढच्या वर्षी प्रवेश देऊ नका. मागच्या डिसेंबरात एका करवंदीच्या जाळीतून मी अशी सतरा पाकिटं काढली. म्हशीच्या पोटात एक गेलं तर तिचं काय होतं ते मामांना विचारा.

सरकारकडं मागणं एकच आहे, आणि ते दोन्ही सरकारांकडं आहे, कारण डोंगर दोघांत वाटलेला आहे. नकाशावरची टिंबं जमिनीवर आणा. दोन्हीकडं लोक तलाठीच म्हणतात, त्या तलाठ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी एक उन्हाळा वाटा चालून काढाव्यात, दगडावर पट्टे मारावेत. डोंगराला प्रदक्षिणा घालणारी एक वाट दोन राज्यांनी मिळून आखली, असं एकदा तरी होऊ दे.

एप्रिलच्या शेवटी मामा पुतण्याच्या गाडीवर बसून बेळगावला आले, दुकान बंद करायच्या वेळेला. वकिलांनी लिहून दिलेला अर्ज गल्ल्यावर ठेवला होता. अर्जदार मामा, कारण वाट त्यांच्या चराईची. मला साक्षीदार म्हणून घातलं होतं. पुरावा काय जोडायचा, असं वकिलांनी विचारलं होतं तेव्हा मला घड्याळ आठवलं. धावताना ते दर काही सेकंदांनी आपण कुठं आहोत त्याची एक खूण टाकतं, आणि सहा वर्षांचे रविवार त्यात साठलेले आहेत. भाच्यानं मस्कतहून सगळे एकत्र करून गावनकाशावर बसवून पाठवले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतले. काळ्या टिंबांवर लाल टिंबं, ओढ्याच्या उतरणीपर्यंत दाट, मार्चनंतर तिथून डांबरी रस्त्याकडं वळलेली.

मामांनी तो कागद दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. मग लाल टिंबांवरून बोट फिरवत म्हणाले, "हितं माझी म्हस व्यालीती." आणि सही करायला पेन मागितलं.